उरलेले कुठे गेले?

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीपाशी उभ्या असलेल्या जुन्या गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. रसाची उकळी, बुडबुड्यांचा आकार आणि गार पाण्यात टाकलेल्या पाकाची वळणारी गोळी पाहून तो काहील उतरवायला सांगतो. त्या वेळी पाकाचे तापमान साधारण ११८ अंश सेल्सिअस असते. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप बसत नाही. हे ज्ञान अस्सल आहे. पण हजार किलो रसाचा गूळ किती होईल, वाफ किती जाईल आणि जळण किती लागेल, हे प्रश्न त्या ज्ञानाच्या कक्षेत येत नाहीत. रसायन अभियांत्रिकी तिथून सुरू होते.

रसायन अभियांत्रिकी म्हणजे प्रयोगशाळेतले रसायनशास्त्र मोठ्या भांड्यात करणे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे मॅकेब आणि स्मिथ यांचे ‘युनिट ऑपरेशन्स ऑफ केमिकल इंजिनिअरिंग’ हे पाठ्यपुस्तक जुन्या बाजारात हाती लागले. ते चाळताना चकित झालो, कारण त्यात रासायनिक अभिक्रिया जवळजवळ नव्हत्याच. द्रव वाहणे, तापणे, आटणे, गाळणे, वाळणे, स्फटिक धरणे, एवढाच सगळा विषय. पण ही कामे साखर कारखान्यातही होतात, औषधांच्या कारखान्यातही आणि तेलशुद्धीकरणातही.

या शास्त्राची बाराखडी म्हणजे वस्तुमान आणि ऊर्जा यांचा जमाखर्च. जे आत आले, ते बाहेर गेले असेल, आत साठले असेल किंवा त्याचे दुसरे काही झाले असेल. नाहीसे झालेले नसते. वरचाच हिशेब करू. रसात १८ टक्के आणि गुळात ९५ टक्के घन पदार्थ धरू; मळी तूर्त सोडून देऊ. हजार किलो रसातले १८० किलो घन पदार्थ गुळात उतरले की गूळ भरतो सुमारे १९० किलो. राहिलेले ८१० किलो पाणी वाफ होऊन जायला हवे. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. रस उकळीपर्यंत आणण्याची उष्णता मिळवली तर बेरीज होते २१ लाख किलोज्यूलच्या आसपास. वाळलेल्या चिपाडातून किलोला १६ हजार किलोज्यूल मिळतात असे धरले, तर सुमारे १३० किलो चिपाड पुरायला हवे. प्रत्यक्षात चुलवणात याच्या दुप्पट-तिप्पट जळते. उरलेली उष्णता कुठे गेली? काही धुराड्यातून, काही चुलवणाच्या भिंतींतून. आणि जी कामी आली, तीही शेवटी वाफेबरोबर आभाळात गेली.

त्या वाफेकडे नॉर्बर्ट रिलिए याचे लक्ष गेले. त्याचा जन्म १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. वडील गोरे, आई मुक्त कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसला झाले. लुईझियानात तेव्हा उसाचा रस उघड्या कढयांच्या रांगेत आटवत आणि गुलाम माणसे उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. त्यात अंग भाजे, साखर करपे, लाकूड अफाट जळे. रिलिएने भांडी बंद केली आणि पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसरे भांडे तापवायला वापरली. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवला, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो. १८४३ साली त्याला याचे पेटंट मिळाले. आजचे साखर कारखाने याच तत्त्वावर रस आटवतात.

या शास्त्राला तेव्हा नाव नव्हते. ते रूढ करण्यात मोठा वाटा असलेला जॉर्ज डेव्हिस इंग्लंडमध्ये प्रदूषण तपासणारा सरकारी निरीक्षक होता. मिठापासून सोडा बनवणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि भोवतालची झाडे, पिके जाळी. १८६३ च्या कायद्याने त्यातला ९५ टक्के वायू अडवणे सक्तीचे केले. असे कारखाने तपासलेल्या डेव्हिसने १८८७ साली मँचेस्टरमध्ये १२ व्याख्याने दिली. धंदे वेगळे असले तरी त्यांतल्या क्रिया त्याच असतात, हा विचार त्यांत होता. १९१५ साली अमेरिकेत आर्थर लिटलने त्या क्रियांना ‘युनिट ऑपरेशन्स’ हे नाव दिले. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आजची ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’, १९३३ साली सुरू झाला.

या विद्येचे मुख्य विषय आता सहज उलगडतात. द्रवगतिकी सांगते, रस नळीतून ढकलायला किती जोर लागेल. उष्णता-संक्रमण सांगते, धातूच्या पत्र्यातून उष्णता किती वेगाने जाईल. वस्तुमान-संक्रमणात एका थरातले रेणू दुसऱ्यात कसे जातात ते पाहतात. आम्लवायू पाण्यात शोषून घेणे हे त्याचेच उदाहरण. ऊष्मागतिकी काय शक्य आहे त्याची सीमा आखते. अभिक्रिया अभियांत्रिकी अभिक्रियेचा वेग आणि भांड्याचा आकार ठरवते. आणि नियंत्रणशास्त्र गुळव्याच्या डोळ्यांचे काम करते.

या सगळ्यांत सामान्य माणसाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे आकारमान. चौकोनी भांड्याची प्रत्येक बाजू दहापट केली की त्याचे पृष्ठफळ शंभरपट होते, आतला माल मात्र हजारपट. उष्णता मालात निर्माण होते आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून चंचुपात्रात निमूट घडणारी अभिक्रिया टाकीत आवरेनाशी होऊ शकते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले. दोहोंच्या अभिक्रियेतून उष्णता निघते, त्या उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो. ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. यातले कोणतेही तत्त्व त्या रात्री नवे नव्हते. सगळे पाठ्यपुस्तकात होते. टाकीत न मावलेली उष्णता आणि वायू कुठे गेले, ते झोपलेल्या वस्त्यांना कळले.

म्हणून मला वाटते, हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही. गावाशेजारी कारखाना येतो तेव्हा किती माल बनेल आणि किती नोकऱ्या मिळतील, हे आपण विचारतो. आत किती काय येणार आणि मालाव्यतिरिक्त बाहेर काय, किती आणि कुठे जाणार, हेही ग्रामसभेत विचारायला हवे. गुळाचा वरचा हिशेब ज्याला समजला, त्याला हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.