विश्लेषण : हाडातील ट्यूमरच्या शस्त्रक्रियेआधी रक्तवाहिन्या का बंद करतात?

हाडातील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया उद्यावर आलेली असते आणि डॉक्टर सांगतात, ‘आधी एम्बोलायझेशन करून घेऊ.’ आणखी एक संमतीपत्र, आणखी खर्च. नातेवाईक गोंधळतात. ही प्रक्रिया नेमकी काय आहे, कोणाला लागते आणि तिचे धोके कोणते?

इतका रक्तस्राव का होतो?

प्रत्येक गाठीला सारखाच रक्तपुरवठा नसतो. मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा कर्करोग हाडात पसरला, तर तिथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे तयार होऊ शकते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ‘व्हीएचएल’ हे जनुक बहुतेकदा निकामी झालेले असते. त्यामुळे प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो कमी पडत असल्याचे संकेत देत राहतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटत राहतात. जायंट सेल ट्यूमर किंवा ॲन्युरिझमल बोन सिस्ट या एरवी कर्करोगात न मोडणाऱ्या गाठींमध्येही रक्त भरपूर असते.

६० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे चार ते साडेचार लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर गेले, तर जवळपास निम्मे गेले. गुडघ्याजवळच्या शस्त्रक्रियेत मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवता येते. मणका किंवा कमरेच्या हाडाला असा पट्टा बांधता येत नाही.

एम्बोलायझेशन कसे करतात?

नळ बदलताना प्लंबर आधी कॉक बंद करतो, तसेच हे आहे. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी (कॅथेटर) आत सरकवतात. डाय सोडून एक्स-रेच्या पडद्यावर गाठीला रक्त पुरवणाऱ्या शाखा शोधतात. मग त्या शाखांमध्ये सूक्ष्म कण, जिलेटिनचे तुकडे, धातूची कॉइल किंवा वैद्यकीय गोंद सोडून त्या बुजवतात. अँजिओप्लास्टीत बंद वाहिनी उघडतात, इथे उघडी वाहिनी मुद्दाम बंद करतात. हाडांच्या गाठींसाठी या पद्धतीची माहिती वैद्यकीय नियतकालिकात १९७५ पासून आहे.

शस्त्रक्रिया लगेच का?

शरीर पर्यायी वाट शोधते. आजूबाजूच्या लहान वाहिन्या गाठीला पुन्हा रक्त पुरवू लागतात, जिलेटिनही काही काळाने विरघळते. म्हणून शस्त्रक्रिया साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या आत करतात. ऑपरेशनची तारीख पुढे गेली, तर आधीची मेहनत वाया जाऊ शकते.

धोके कोणते?

प्रक्रियेनंतर दुखणे, ताप, मळमळ होऊ शकते. डायमुळे ॲलर्जी किंवा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मोठा धोका म्हणजे कण चुकीच्या वाहिनीत जाणे. पाठीच्या काही धमन्यांतून मज्जारज्जूलाही रक्त जाते. ती शाखा बंद झाली तर पायांतली शक्ती जाऊ शकते. म्हणूनच आधी अँजिओग्राफीत ती शाखा शोधतात. तीच वाहिनी गाठीलाही रक्त देत असेल, तर डॉक्टर तिथे एम्बोलायझेशन टाळतात.

सगळ्यांनाच गरज आहे का?

नाही. मणक्यात पसरलेल्या कर्करोगाच्या ४५ रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सरसकट सर्व रुग्णांचा विचार करता रक्तस्रावात ठळक घट दिसली नाही. शस्त्रक्रियेचा वेळ मात्र कमी झाला. ज्यांच्या गाठीत रक्तवाहिन्या जास्त होत्या, त्यांच्यात रक्तस्राव थोडा कमी झाला. थोडक्यात, गाठ कोणती आणि कुठे आहे, यावर निर्णय ठरतो.

डॉक्टरांना काय विचारावे?

गाठीत रक्तवाहिन्या जास्त आहेत का? एम्बोलायझेशननंतर किती तासांत ऑपरेशन होणार? मज्जारज्जूची वाहिनी जवळ आहे का? आणि तरीही रक्ताच्या किती पिशव्या तयार ठेवायच्या? कारण एम्बोलायझेशनने रक्तस्राव कमी होऊ शकतो, पूर्ण थांबत नाही. रक्ताची सोय आधीच करून ठेवावी लागते.