फोल्डर दिसतो, पण उघडत नाही

खामगाव, चिखली, मलकापूरच्या बाजारपेठेत पुढे दुकान आणि मागे घर अशी रचना नेहमीची. दुकानातल्या संगणकावर हिशेब, आत मुलीचा लॅपटॉप, दोन्ही एकाच वायफायवर. शेअर केलेला हिशेबाचा फोल्डर लॅपटॉपवर उघडत नसेल, तर आधी संदेश नीट वाचा. पुढचा रस्ता तोच सांगतो.

‘नेटवर्क पाथ’ सापडत नाही असे लिहिले असेल, तर परवानगीकडे अजून वळू नका. दोन्ही संगणकांवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना, ते तपासा; ‘पब्लिक’ असेल तर विंडोज सहसा शेअरिंग अडवते. वीज जाऊन आली की राउटर संगणकाला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. म्हणून आकड्यांऐवजी संगणकाच्या नावाने जोडा.

‘ॲक्सेस डिनाइड’ आले, तर अडचण परवानगीची. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन टॅब असतात. पहिला वाड्याचा दिंडी दरवाजा, दुसरा आतल्या खोलीचे कुलूप. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली कमी असेल तीच परवानगी मिळते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ आणि सिक्युरिटीत फक्त ‘रीड’ असेल, तर फाइल वाचता येते, बदलता येत नाही. सिक्युरिटीत त्या खात्याला काहीच परवानगी नसेल, तर फोल्डर उघडणारच नाही.

दोन्ही बरोबर असतील, तर ओळख तपासा. इथे दुकानातल्या संगणकावरचे खाते आणि त्याचा पासवर्ड लागतो. पिन चालत नाही. पासवर्ड नसलेले खातेही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. लॅपटॉपने जुना पासवर्ड साठवला असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो काढा.

कंटाळून ‘एव्हरीवन’ला सगळे मोकळे करू नका. वायफायचा पासवर्ड शेजारी, पाहुणे, गिऱ्हाईक यांच्याकडेही गेलेला असतो आणि त्या फोल्डरमध्ये लोकांची उधारी आहे. फाइल शेअरिंगची जुनी पद्धत एसएमबी-१ही सुरू करू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला.

मुलीसाठी दुकानातल्या संगणकावर पासवर्डचे वेगळे खाते उघडा. नुसते पाहायचे असेल तर दोन्ही टॅबमध्ये ‘रीड’ द्या. नोंदी करायच्या असतील तर शेअरिंगमध्ये ‘चेंज’, सिक्युरिटीत ‘मॉडिफाय’. मग लॅपटॉपवरून एक रिकामी फाइल तयार करून पुसून पाहा. नोंदीची परवानगी असेल तर दोन्ही जमायला हवे. फक्त ‘रीड’ असेल तर विंडोजने तिथे अडवायलाच हवे.