काठी नेमकी कुठे पडते?

सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे आणि मासेमारीची साधने मांडली आहेत, तशी वाद्येही आहेत. ती पाहता येतात, ऐकता येत नाहीत. या मुलखातल्या धोडिया समाजात लग्नात आणि मरणातही तूर-थाळीला मान आहे. तूर म्हणजे भाजलेल्या मातीच्या खोडाचा ढोल, थाळी म्हणजे काठीने वाजवायचे धातूचे ताट. चामड्याचा भरीव ठोका आणि त्यावर धातूची लांबणारी आस, एवढ्यात वाद्यवृंद पुरा होतो. तरीही नाचाच्या वर्णनात तूर-थाळीच्या वाट्याला ‘साथ’ हा एकच शब्द येतो. माझ्या मते ते स्वतंत्र संगीत आहे, आणि ते कसे जपावे हे हंगेरीकडून शिकता येईल.

बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय या हंगेरियन संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यापाड्यांत फोनोग्राफ नेऊन मेणाच्या नळकांड्यांवर लोकगीते उतरवली. त्या गीतांवर कान तयार झालेल्या बार्टोकने 1937 मध्ये दोन पियानो आणि तालवाद्यांसाठी सोनाटा लिहिला. त्यात झांजेवर काठी मध्यावर पडावी की काठावर, हेही लिहिलेले आहे. एके ठिकाणी तर चाकूचे पाते सुचवले आहे. आघात किती, याइतकेच तो कुठे आणि कशाने, हेही संगीतच असते. पुढे 1984 मध्ये बुडापेस्टला ‘अमादिंदा’ हा तालवाद्यांचा चमू उभा राहिला. संगीतकार ग्योर्ग लिगेटीने 2000 मध्ये एक गायिका आणि या चमूचे चार वादक यांच्यासाठी गीतमाला रचली. तिचे नाव हंगेरियन बालगीतातून आले आहे. अर्थ साधा : पावा, ढोल आणि बोरूची सारंगी घेऊन.

तूर-थाळीलाही असा मंच मिळावा म्हटले, तर आक्षेप येईल, की ती विधीची आहे, मंचावर आणली तर तिचा जीव जाईल. ही भीती रास्त आहे. पण बार्टोकने गावचे गाणे जसेच्या तसे टिपणे आणि स्वतःची रचना करणे ही दोन कामे वेगळी ठेवली होती. आपण निदान पहिले तरी करावे. तेही सोपे नाही. तबल्याच्या बोलांत तुरीचे ठोके कदाचित मावतील, थाळीची आस मावणार नाही. ताट मोकळे धरले की दाबून, काठी काठावर पडली की मध्यावर, याला लिपीच नाही. ती वादकांना विचारून, त्यांच्याच धोडिया शब्दांत घडवावी लागेल. मरणाचे वादन तर सांगून वाजवून घेता येत नाही. तिथे घरच्यांचा होकार आधी, यंत्र नंतर. म्हणून मंचाची घाई नको. आधी गावोगावचे वादन वादकाच्या नावानिशी ध्वनिमुद्रित व्हावे, आणि संग्रहालयातल्या तुरीशेजारी तिचा आवाज ठेवावा.