घरफोडी आणि घराची राखण

'घरफोडी' हा शब्द आपल्या कानांस इतका परिचयाचा झाला आहे की, त्यातील 'फोडणे' या क्रियापदाकडे आपले लक्षही जात नाही. परंतु हा शब्द ज्या काळी रूढ झाला त्या काळी चोर खरोखरीच घर फोडीत असे. दाराशी त्यास कर्तव्य नसे; परसाकडील भिंतीस भोक पाडून तो आत शिरे.

शूद्रककवीच्या ज्या 'मृच्छकटिक' नाटकास गोविंद बल्लाळ देवल यांनी मराठी रंगभूमीवर आणले, त्याच्या तिसऱ्या अंकात हा प्रकार मोठ्या बहारीने वर्णिला आहे. शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराची भिंत चाचपून पाहतो आणि पाण्याने मऊ झालेली, लोणा लागून विटा झिजलेली जागा शोधून काढतो. मापाची दोरी आणावयास विसरल्यामुळे गळ्यातील यज्ञोपवीतानेच तो भोकाचे माप घेतो! पुढची गंमत अशी की, दागिन्यांचा डबा ज्याच्या स्वाधीन केलेला असतो तो मैत्रेय झोपेत बरळत स्वहस्ते तो डबा चोरास देऊन टाकतो. ते दागिने घरचे नव्हते, वसंतसेनेची ठेव होती. गेलेल्या द्रव्यापेक्षा गेलेल्या विश्वासाचे दुःख चारुदत्तास अधिक झाले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात चोरांचा जो उल्लेख येतो, तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही 'खणून आरपार जाणे' असाच आहे; कारण पॅलेस्टाइन देशातील सामान्य घरेही मातीचीच असत. इंग्रज सरकारने १८६० साली केलेल्या भारतीय दंडसंहितेत घरफोडीच्या व्याख्येखाली जी उदाहरणे दिली होती, त्यांतील पहिलेच भिंतीस भोक पाडून आत हात घालणाऱ्या चोराचे आहे. दुसऱ्या एका उदाहरणात चोर दाराच्या छिद्रातून तार घालून आतील कडी उचलतो. तिसऱ्यात तो घरधन्याची हरवलेली किल्ली सापडल्यामुळे खुशाल दारानेच आत जातो. हा सर्व प्रकार कायद्याच्या दृष्टीने घरफोडीच होय. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. घरफोडीची व्याख्या तीत ३३० व्या कलमात आहे.

आमच्या वऱ्हाडात पांढऱ्या मातीची धाब्याची घरे पुष्कळ होती, व चांदूर बाजाराच्या आसपासच्या खेड्यांतून ती अजूनही दिसतात. अशा घरांच्या मागील भिंतीस पावसाळ्यात ओल आली किंवा लोणा लागला, तर दिवाळीपूर्वी ती लिंपून घेणे ही केवळ स्वच्छतेची बाब नव्हे. तथापि विटा व सिमेंट यांची घरे झाल्यापासून चोराने भिंत सोडली आणि तो दाराकडे वळला. कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडावे. घरफोडीच्या बातमीत 'कडीकोयंडा तोडून' हे शब्द बहुधा ठरलेले. 'कुलूप उघडून' असे क्वचितच आढळते.

या दोन शब्दांत आमच्या विषयाचे मर्म आहे. आपण बाजारातून चांगले जड कुलूप आणतो, त्यास शेकडो रुपये मोजतो आणि ते लावतो कशास? तर चौकटीत दोन आखूड स्क्रूंनी बसविलेल्या, वर्षानुवर्षांच्या गंजाने सैल झालेल्या कोयंड्यास! चोर कुलुपाकडे ढुंकूनही पाहत नाही. पहारेचे टोक कोयंड्याखाली घालून तो एक हिसका देतो, आणि कुलूप जसेच्या तसे बंद राहून दार उघडते. यास्तव ज्या पालकांस या कामी थोडाच खर्च करणे शक्य असेल, त्यांनी नवे कुलूप घेण्यापूर्वी सुताराकडून कोयंडा व कडी यांचे बोल्ट दाराच्या व चौकटीच्या आरपार घालून आतून नटांनी आवळून घ्यावे. चौकट भिंतीत पक्की आहे की वाळवीने पोखरली आहे, हेही त्याच वेळी पाहावे. मागील दारास रात्री आतून आडवी आगळ घालण्याची आपल्या आजोबांची चाल टाकाऊ मुळीच नव्हती. ज्या दारात कुलूप आतच बसविलेले असते, तेथे बाहेरून तोडण्याजोगे काही राहत नाही, आणि घर बंद आहे हे रस्त्यावरून कळतही नाही.

कुलूप म्हणजे अभेद्य वस्तू, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. १८५१ साली लंडन येथे मोठे प्रदर्शन भरले असता हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने तेथील प्रख्यात चब कुलूप अर्ध्या तासाच्या आतच उघडून दाखविले, व कित्येक वर्षे कोणासही न उघडलेले ब्रामा कुलूप सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट करून उघडले. लोक घाबरले, पण विचार करता दुसरे कुलूप हरले असे म्हणवत नाही. ५१ तास दाराशी बसावयास कोणत्या चोरास सवड आहे? आपल्या देशात १८९७ साली मुंबईस लालबागेत अर्देशिर गोदरेज यांनी कुलुपांचा कारखाना काढला, तोही याच तत्त्वावर उभा राहिला. कुलूप चोरास थांबवीत नाही, उशीर करवते. आणि तो उशीर उपयोगी पडावयाचा तर कोणीतरी जागे पाहिजे.

हे जागे राहण्याचे काम पूर्वी वऱ्हाडातील गावोगावी जागल्या करीत असे. त्याचे नावच त्यावरून पडले. हल्ली १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील नेमला जातो, पण प्रत्येक आळीत तो कसा असणार? यावलीस जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त ग्रामरक्षणाचा विचार केला आहे, तो गावकऱ्यांनी स्वतःच सिद्ध व्हावे अशा दृष्टीने. आमच्या मते शेजारी हाच आजचा जागल्या होय.

आपल्याकडे घरे रिकामी कधी पडतात हे ठाऊकच आहे: लग्नसराईत, दिवाळीत, आणि डिसेंबरात बहिरमची यात्रा सुरू झाली म्हणजे. कापूस विकून घरात पैसा आलेला असतो तोही याच सुमारास. रिकामे घर ओळखावयास चोरास फार हुशारी लागत नाही. ज्या अंगणात तीन दिवस सडा पडला नाही, रांगोळी नाही, दाराशी वर्तमानपत्रे साचली आहेत, ते अंगण स्वतःच बोलते. शेजारच्या वहिनींस किल्ली न देता नुसता 'दोन दिवस आमच्याही अंगणात सडा टाका' एवढा निरोप द्यावा. त्याचा उपयोग पुष्कळ होतो. किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवण्याची चाल तर साफ बंद करावी. मोबाईलवर प्रवासाची चित्रे जगास दाखविणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी ती परत आल्यावर दाखवावीत.

आईचे दागिने कपाटात आणि कपाटाची किल्ली कपाटावर, हा प्रकार फार घरांतून आढळतो. नित्य न लागणारे दागिने बँकेत ठेवावेत, आणि सर्वांची वजनासह यादी व चित्रे करून पावत्यांसोबत जपावीत. चोर सापडलाच तर ही वस्तू माझी असे सांगावयास त्यावाचून दुसरा पुरावा कोठला?

चोरी झालीच, तर कशासही हात न लावता ११२ या क्रमांकावर कळवावे. अंगुलिमुद्रांचे शास्त्र आपल्याच देशात वाढले. त्याचे कार्यालय कलकत्त्यास १८९७ सालीच निघाले होते. पण घरची मंडळी धावपळीत फडताळे आवरून ठेवतात, आणि बोटांच्या ठशांवर आपलेच ठसे उमटवितात. रात्री जाग येऊन चोर घरात दिसला, तर त्याच्याशी झोंबू नये. मोठ्याने आरडाओरडा करून त्यास पळावयास वाट द्यावी. दागिने पुन्हा घडविता येतात.

आणखी एक गोष्ट. चोरी झाली की गावाच्या कडेला पाल ठोकून राहिलेल्या पारध्यांकडे बोट दाखविण्याची आपल्या लोकांस खोड आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा पायंडा पाडला. स्वतंत्र भारताने १९५२ साली ते कायदे रद्द केले, पण मनातील कायदा रद्द झालेला नाही. त्या पालांतील मुले शाळेत येऊ लागली आहेत. ढिल्या कोयंड्यामुळे आपल्या घरचे सोने जाते, आणि पुराव्यावाचून घेतलेल्या नावामुळे त्यांपैकी एखाद्याच्या बापास रात्रभर चौकीत बसावे लागते.