मातीवाचून भाजी

ज्यांच्या दारी वाफा करण्याइतकीही जमीन नाही, त्यांनी घरच्या भाजीची आशा सोडावी काय? शहरात भाड्याच्या खोलीत संसार मांडलेल्यांना हा प्रश्न पडतो, आणि परसात कातळच लाभलेल्या गावकऱ्यांनाही पडतो. अशा कुटुंबांसाठी एक साधी रीत उपलब्ध आहे. तीत माती नको, वीज नको, पंपही नको.

मातीवाचून रोप वाढविण्याची विद्या जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ युलियस साख्स यांनी १८६० च्या सुमारास क्षार विरघळविलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक गेरिक यांच्यामुळे १९३७ साली तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळाले. आपल्या देशात १९४६ साली बंगालातील कालिंपोंग येथे शोल्टो डग्लस यांनी सामान्य माणसास झेपेल अशा पद्धतीचे प्रयोग आरंभिले. पुढे हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही विद्या अगदीच सोपी करून टाकली. त्यांचा यावरील एक महत्त्वाचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला.

या रीतीचे मर्म एका गोष्टीत आहे. मुळांना पाणी हवे, तशीच हवाही हवी. भुसभुशीत मातीच्या कणांमधून ती त्यांना मिळते. साचलेल्या पाण्यात मात्र मुळे गुदमरून कुजतात. म्हणून कित्येक ठिकाणी पंपाने पाण्यात हवा सोडतात. क्रॅटकी यांनी ते काम रोपावरच सोपविले. भांडे आरंभी एकदा भरावयाचे. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि वर दमट हवेची पोकळी तयार होते. वरची मुळे त्या हवेत श्वास घेतात, खालची पाणी पितात.

आता कृती पाहू. आरंभास लेट्यूस, म्हणजे सॅलडचा पाला, उत्तम. सुमारे चार लिटरांचे, उजेड आत न शिरणारे, झाकणाचे भांडे घ्यावे. आत उजेड गेल्यास शेवाळ धरते. झाकणास भोक पाडून त्यात भोके पाडलेली लहान वाटी बसवावी. वाटीत धुतलेला नारळाचा काथ्या भरून त्यात लहान रोप लावावे. वाटीचा तळ बोटभर बुडेल इतके खतपाणी भरावे. भांडे सकाळचे ऊन मिळेल अशा जागी, परंतु पागोळ्यांपासून दूर ठेवावे. पावसाचे पाणी आत गेल्यास खत पातळ होते आणि पातळीही वाढते. सुमारे दीड महिन्यात पाला काढण्याजोगा होतो.

खताविषयी सावध राहावे. नुसत्या पाण्यावर रोप फार दिवस तगत नाही, आणि शेणखत कालविल्यास पाणी नासते. हायड्रोपोनिक्ससाठी केलेले, पूर्ण विरघळणारे खतच पुडक्यावरील प्रमाणाने घ्यावे. कॅल्शियम नायट्रेट वेगळे असल्यास ते निराळ्या पाण्यात विरघळवून मग भांड्यातील पाण्यात मिसळावे. इतर क्षारांच्या दाट द्रावणात घातल्यास साका खाली बसतो व रोपाच्या उपयोगी पडत नाही. ही पुडकी मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

बहुतेकांचे रोप दगावते ते हयगयीने नव्हे, मायेपोटी. पाणी उतरलेले पाहून भांडे पुन्हा काठोकाठ भरण्याचा मोह होतो. तसे केल्यास हवेस सरावलेली मुळे बुडतात आणि सुदृढ रोप मान टाकते. काढणीपूर्वीच पाणी संपत आले, तर तळाशी थोडेसे घालावे. वरची पोकळी राखावी.

झाकणास फटही राहू देऊ नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. भाजीपायी घरात दुखणे यावे, हा सौदा कोणास परवडेल?

या रीतीने धान्य पिकणार नाही. टोमॅटोसारख्या झाडाला कितीतरी मोठे भांडे व अधिक पाणी लागते. खतही विकतच आणावे लागते. म्हणून प्रथम एकच डबा लावावा, खर्च मांडावा आणि मगच दुसरा लावावा. मात्र पाण्याची टंचाई असलेल्या घरी एक लाभ नक्की आहे: झाकलेल्या भांड्यातील पाणी जमिनीत मुरून वाया जात नाही, बहुतेक सारे रोपाच्याच कामी येते. खिडकीत उन्हाची तिरीप येत असेल, तर भूमिहीन घरासही आपल्या हातचा ताजा पाला ताटात वाढता येईल.