पाणंद, बंधारा आणि सायकल मार्ग : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यातील लगतची गावे यांचा संबंध नित्याचा आहे. दूध, भाजीपाला, शिक्षण व नोकरी या निमित्ताने रोज ये-जा चालते. अनेक गावांचे अंतर पाच-सात किलोमीटर, म्हणजे सायकलीच्या आटोक्यातले आहे. सायकलस्वाराची खरी अडचण अंतराची नसून रस्त्याची आहे. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेजारून जात असता शाळकरी मुलीने सायकल कोठून चालवावी, हा प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर साधे नाही. मुख्य रस्त्यापासून अलग असा सायकल मार्ग शहरातून गावापर्यंत वाढवावयाचा झाल्यास कोणत्या बाबी विचारात घ्याव्या लागतात, याचे विवेचन येथे केले आहे.

सायकल मार्गाची गरज कशी ठरते?
भारतीय रस्ते काँग्रेसने 1962 मध्येच सायकल मार्गाविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या होत्या. गर्दीच्या तासाला 400 सायकली आणि 100 ते 200 मोटारवाहने असतील तर स्वतंत्र मार्ग करावा. वाहने 200 हून अधिक असल्यास 100 सायकलीही पुरेशा मानाव्यात, असा तो निकष होता. पदराची रुंदी किमान 2 मीटर व एकमेकांना ओलांडून जाण्याची सोय हवी असल्यास 3 मीटर सांगितली होती. या निकषातील दोष उघड आहे. तो रस्त्यावर आज दिसणाऱ्या सायकली मोजतो. भीतीने घरीच राहिलेली सायकल त्याच्या मोजणीत येत नाही. बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. मागणी सोयीनंतर निर्माण होते, ही गोष्ट निकष ठरविणाऱ्यांनी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

जागेचा प्रश्न :
बागायती जमीन संपादन करून सायकल मार्ग करणे खर्चिक व वादाचे ठरेल. परंतु गावनकाशावर वाटा पूर्वीपासून आहेतच. दुहेरी तुटक रेषेने दाखविलेल्या गाडीमार्गाची रुंदी 16.5 ते 21 फूट, तर एकेरी तुटक रेषेच्या पायमार्गाची 8.25 फूट धरली जाते. हे अपूर्णांक चमत्कारिक वाटतात. पण ज्याच्यावरून गुंठा (33 फूट चौरस) ठरला त्या 33 फुटांचा निम्मा व चौथा हिस्सा म्हणजेच हे आकडे होत. 8.25 फूट म्हणजे सुमारे अडीच मीटर. सायकल मार्गाला लागणारी किमान रुंदी जुन्या पायमार्गात आधीच सामावलेली आहे, ती केवळ उसाच्या सरीखाली गेली आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 अन्वये सार्वजनिक रस्ते व वाटा शासनाच्या मालकीच्या ठरतात. बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय कलम 143 खाली तहसीलदार देतात आणि वहिवाटीतील अडथळा मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 अन्वये दूर करता येतो. मात्र त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याची दिशा दिली. ही सर्व तजवीज शेतकऱ्यासाठी आहे, सायकलस्वारासाठी नव्हे. पाणंद सायकलींसाठी राखली तर ऊस बाहेर काढायचा कसा, ही शेतकऱ्याची शंका रास्त आहे. म्हणून गाडीमार्गावर बैलगाडी, ट्रॅक्टर व सायकल यांचा एकत्र वापर आणि अरुंद पायमार्गावर केवळ सायकल व पादचारी, अशी विभागणीच व्यवहार्य दिसते. काळ्या मातीत खडी व मुरमाचा थर आणि बाजूची चर यांवाचून पावसाळ्यात दोहोंचाही उपयोग नाही.

नदी ओलांडणे :
पंचगंगेपलीकडील गावांच्या बाबतीत खरी कसोटी येथे लागते. कसबा बावडा महापालिका हद्दीत, तर वडणगे नदीपलीकडे आहे. दोहोंमधील जवळची वाट राजाराम बंधाऱ्यावरून जाते. ज्या बंधारा-प्रकाराला देशभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, त्याचे तत्त्वच असे की पावसाळ्यापूर्वी बरगे काढावयाचे आणि पूर त्यावरून जाऊ द्यावयाचा. येथील इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. 2019 व 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांपलीकडे गेले. परंतु बंधारा त्याच्या कितीतरी आधी, दरवर्षीच पाण्याखाली जातो.

शिवाय अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत व जिल्हा परिषद, मध्ये जलसंपदा विभाग अशी विभागणी आहे. 1972 मध्ये महापालिका झाल्यानंतर हद्दवाढीचा वाद दीर्घकाळ चालला आणि 2017 मध्ये 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. सायकल मार्गाचा आराखडा एका हाती देण्यास प्राधिकरण ही सोयीची जागा ठरू शकते. कारण हद्दवाढीस विरोध करणाऱ्या गावासही त्यात आपली हद्द गमवावी लागत नाही.

तरीही वेळापत्रकाचा पेच उरतोच. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि बंधारा त्याच सुमारास वा पुढील काही आठवड्यांत बंद होतो. नदीपलीकडच्या मुलांना शाळेच्या पहिल्याच सत्रात मुख्य रस्त्याने वळसा घालावा लागतो. त्यामुळे अशा गावांपुरता मार्गाचा पहिला खर्च पाणंदीवर नव्हे, पूरपातळीच्या वर जाणाऱ्या अरुंद पुलावर करावा लागेल. वडणग्यासारख्या नदीकाठच्या गावांहून नदी न ओलांडता शहरात येणाऱ्या कळंबा, पाचगाव, उचगाव या बाजूंना हा खर्च नाही. आरंभ तेथून करणे अधिक सुकर आहे.