तळहातावरील पुरळ आणि गोठ्यातील गोचीड

ज्वर आणि अंगावर पुरळ घेऊन आलेले बालक ही ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास नित्याची बाब आहे. घरच्यांनी निदान आधीच केलेले असते. गोवर निघाला, कांजण्या आल्या, अंगात उष्णता साठली, नाहीतर ‘माता आल्या’. अशा घरांत पहिले दोन-तीन दिवस कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवण्यात जातात आणि सुई टोचू द्यायची नाही असा वडीलधाऱ्यांचा दंडक असतो. बहुतेक बालके यथाकाल बरी होतात, म्हणून हा प्रघात टिकून आहे. मात्र याच गर्दीत एक असा ज्वर दडलेला असतो की, ज्यात ते दोन-तीन दिवसच निर्णायक ठरतात. त्या ज्वराचा, आणि त्याचा माग काढणाऱ्या संशोधकांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देत आहे. यातील महत्त्वाचे एक काम आपल्या जुन्या जिल्ह्याच्या गावी, अकोल्यास झाले आहे. १९९८ पूर्वी रिसोड तालुका अकोला जिल्ह्यातच होता, हे तरुण वैद्यांना सांगावे लागते.

हा रोग म्हणजे रिकेट्सिया या जीवाणूपासून होणारा, गोचिडीमार्फत पसरणारा पुरळयुक्त ज्वर. आधुनिक ग्रंथांत त्यास ‘इंडियन टिक टायफस’ असे नाव आहे. नावातील साधर्म्यामुळे टायफॉइडशी त्याची गल्लत होते, परंतु दोहोंचा संबंध नाही. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून येतो, हा गोचिडीच्या दंशातून. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड ही त्याची प्रमुख वाहक होय.

या जीवाणूस ज्यांचे नाव मिळाले ते हॉवर्ड रिकेट्स हे शिकागो विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ. १९०६ साली ते अमेरिकेच्या मोंटाना प्रांतातील बिटररूट खोऱ्यात गेले. तेथे दर वसंतात एक प्राणघातक पुरळज्वर उद्भवत असे. रुग्णाचे रक्त गिनीपिगला टोचून त्यांनी रोग निर्माण केला, आणि नंतर रोगी प्राण्यावरची गोचीड निरोगी प्राण्यास चावू देऊन रोगाचे संक्रमण सिद्ध केले. त्यांचे पुढील निरीक्षण अधिक मोलाचे आहे. बाधित मादी गोचिडीच्या अंड्यांतूनही हा जीवाणू पुढील पिढीत जातो. म्हणजे गोचीड ही केवळ वाहक नसून जीवाणूचे घरही आहे. रोगी मनुष्य गावात एकही नसला तरी रोग गावात राहू शकतो, तो यामुळेच. १९१० मध्ये मेक्सिको शहरात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसचा अभ्यास करीत असताना रिकेट्स त्याच रोगाने मृत्यू पावले. पाच वर्षांनी, १९१५ मध्ये, स्टानिस्लाउस प्रोवाझेक या संशोधकास जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावणीत टायफसने गाठले. त्यांचे सहकारी दा रोशा-लिमा हेही आजारी पडले, पण वाचले आणि १९१६ मध्ये त्यांनी उवांच्या टायफसच्या जीवाणूस या दोन्ही मृत संशोधकांची नावे जोडून दिली. ‘रिकेट्सिया प्रोवाझेकी’ हे नाव पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास आपण दोन माणसांचे स्मरण करीत आहोत, हे बहुधा कोणी सांगत नाही.

भारतातील इतिहासही असाच अंगावर घेतलेला आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉ. जॉन मेगॉ यांना कुमाऊँच्या डोंगराळ भागात गोचीड चावल्यानंतर टायफससारखा ज्वर आला. स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवून, हा रोग गोचिडीमार्फत येत असावा, असा तर्क त्यांनी १९२१ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये मांडला. आपल्या मुंबईने तर याही आधी प्राणी आणि किडे यांचे नाते जगास शिकविले होते. १८९६ च्या प्लेगनंतर हाफकिन यांनी येथे लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. उंदरावरची पिसू प्लेग पसरविते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखविले, तेव्हा त्यांच्या म्हणण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन व प्लेग संशोधन आयोगातील त्यांचे सहकारी यांनी पिंजऱ्यातील गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा ते मान्य झाले.

यानंतर मात्र रिकेट्सियाचा विषय भारतात बराच काळ विस्मरणात गेला. प्रतिजैविके आली, प्रत्येक ज्वरास काही ना काही दिले जाऊ लागले आणि निदानाची निकड कमी भासू लागली. गंमत अशी की, पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरीन गटातील जी औषधे सर्रास दिली जातात, त्यांचा रिकेट्सियावर परिणाम होत नाही. सल्फा औषधांनी तर रोग बळावतो.

अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी हा विषय पुन्हा पटावर आणला. २०१० मध्ये त्यांनी व डॉ. आकांक्षा राठी यांनी ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात भारतातील रिकेट्सियल रोगांचा समग्र आढावा घेतला. २०११ मध्ये याच दोघांनी गुडमन व अघई या सहलेखकांसह मध्य भारतातील बालरुग्णांवर आधारित एक गुणांकन पद्धती प्रसिद्ध केली. लेखकांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरजीए’ गुणांकन म्हणतात. २०१७ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची या रोगांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांचे लेखक राठी, सोलापूरचे डॉ. अतुल कुलकर्णी आणि नवी मुंबईचे डॉ. विजय येवले होत. तिघेही महाराष्ट्रातील चिकित्सक, हे नमूद करण्यासारखे आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागानेही या रोगगटावर काम केले आहे.

गुणांकनाची गरज का भासली, हे समजून घेतले पाहिजे. रिकेट्सिया निर्जीव माध्यमावर वाढत नाही, त्यास सजीव पेशी लागते. त्यामुळे रक्ताच्या नेहमीच्या कल्चरमध्ये तो सापडत नाही. ‘वेल-फेलिक्स’ ही १९१६ पासूनची चाचणी स्वस्त आहे, पण ती प्रोटियस या भलत्याच जीवाणूशी असलेल्या साम्यावर बेतलेली. तिची संवेदनशीलता कमी, आणि ती सकारात्मक येते तीही बहुधा दुसऱ्या आठवड्यात. अधिक विश्वसनीय चाचण्या मोठ्या केंद्रांतच होतात. रोगी मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी गंभीर होतो. चाचणीची वाट पाहावी तर वेळ जातो, न पाहावी तर निदान कशाच्या आधारे करावे, असा हा पेच आहे.

राठी व सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग आपल्या परंपरेस परका नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांतून मिळणाऱ्या प्रत्येक लक्षणास त्यांनी गुण दिले. एकूण गुण ३५. १४ वा अधिक गुण झाल्यास गोचिडीच्या पुरळज्वराची दाट शक्यता. या ३५ पैकी २५ गुण केवळ इतिहास आणि शरीरपरीक्षणाचे आहेत, उरलेले १० प्रयोगशाळेचे. उदाहरण घेऊ. बालक खेड्यातले आहे (१), घरी पाळीव जनावर आहे (१), गोचिडींचा संपर्क आहे (२), ज्वरानंतर ४८ ते ९६ तासांत पुरळ आले (२), ते तळहात-तळपायांवरही आहे (३), पायांवर सूज आहे (२), डोळे लाल आहेत पण चिपडे नाहीत (२), यकृत हातास लागते (२). बेरीज १५ झाली, आणि अजून रक्ताचा थेंबही काढलेला नाही! गोचीड प्रत्यक्ष चावल्याचे सांगितले, तर आणखी ३. पुरळ जांभळे, उंचावलेले वा काळे पडू लागले असेल, तर त्याचेही ३.

ही लक्षणे यदृच्छेने एकत्र आलेली नाहीत. हा जीवाणू सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात वाढतो. अस्तर फाटते, रक्तवाहिन्या पाझरू लागतात. त्वचेत रक्त उतरले की पुरळ व जांभळे डाग, द्रव उतरला की पायांवर सूज. रक्तातील अल्ब्युमिन व सोडियम घटते, प्लेटलेट कमी होतात. हाच पाझर मेंदू, फुप्फुस वा वृक्कात झाला की प्राणावर बेतते. रक्तवह स्रोतसाची दुष्टी या भाषेत विचार करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही संप्राप्ती ध्यानात ठेवणे अवघड जाऊ नये.

येथे आपल्या ग्रंथांविषयी दोन शब्द. सुश्रुत कल्पस्थानातील मूषिककल्प अध्यायात अठरा प्रकारचे मूषक सांगून त्यांच्या विषाने ग्रंथी, शोथ, मंडले, पिडका आणि ज्वर होतात असे वर्णन आहे. पुढील कीटकल्पात कीटक व लूता यांची विषे येतात. चरकाने आगंतु ज्वरात विषजन्य ज्वराचा समावेश केला आहे. प्राणी आणि कीटक यांपासून ज्वर व पुरळ येऊ शकते हे आचार्यांनी पाहिले होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. रिकेट्सिया आमच्या ग्रंथांत होताच, असे म्हणणे मात्र आचार्यांवर अन्याय करणारे आहे, आणि अशा लेखांचा मला कंटाळा आला आहे. निरीक्षण कसे करावे हे त्यांनी शिकविले, ते वापरावे.

ते वापरता येते, याचे एक उदाहरण. माधवनिदानात मसूरिकेच्या अध्यायात रोमांतिकेचे वर्णन आहे, आपण ती गोवराशी जोडतो. तिचे पुरळ रोमकूपांच्या ठिकाणी उठते. तळहात आणि तळपाय यांवर रोम नाहीत. तेव्हा ज्या बालकाच्या तळहातांवर ठळक पुरळ आहे, त्यास रोमांतिका म्हणण्यापूर्वी वैद्याने थबकावे. गोवरातही क्वचित तळहातावर पुरळ दिसते, म्हणून हा निर्णायक पुरावा नव्हे. पण कास, नाक वाहणे नाही, लसीकरण झालेले आहे आणि तळहात रंगलेले आहेत, अशा वेळी पुढचा प्रश्न गोचिडीचा असावा.

तो प्रश्नही नीट विचारावा लागतो. माझ्या चिकित्सालयात एका मुलीच्या आईस ‘गोचीड चावली काय?’ असे विचारले, तर उत्तर ठाम ‘नाही’ आले. ‘गोठ्यात कोण झोपते, कुत्र्याच्या गोचिडी कोण काढते?’ असे विचारल्यावर तिने मुलीकडेच बोट दाखविले. ही लेक रोज संध्याकाळी कुत्र्याच्या कानातील गोचिडी काढून नखावर चिरडीत असे. ज्वराचा चौथा दिवस, हातापायांवर पुरळ, घोट्यांवर सूज. तिला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठविले. डॉक्सिसायक्लीन सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवसाअखेर ज्वर उतरला. गोचीड चिरडताना तिच्या अंगातील द्रव त्वचेवरील ओरखड्यातून वा डोळ्यास हात लागून शरीरात जाऊ शकतो, त्यास दंशच हवा असे नाही. तिचा दंशही वेदनारहित असतो, म्हणून तो आठवत नाही.

डॉक्सिसायक्लीन हे या रोगाचे पहिल्या पसंतीचे औषध आहे, बालकांतही. आठ वर्षांखालील मुलांचे दात डागाळतात, ही धास्ती जुन्या टेट्रासायक्लीनच्या अनुभवातून आलेली. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अल्पकाळ डॉक्सिसायक्लीन घेतलेल्या मुलांच्या दातांवर तसे डाग आढळले नाहीत. औषध स्वस्त आहे, तालुक्याच्या गावी मिळते. सुरुवात करताना चाचणीची वाट पाहू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. साधारण ४८ ते ७२ तासांत ज्वर उतरला नाही, तर निदानाचाच फेरविचार करावा.

आपण आपल्या औषधांनी हा रोग बरा करू काय, असा प्रश्न तरुण वैद्य विचारतात. माझे मत स्पष्ट आहे. गुडूची, संशमनी वटी, महासुदर्शन यांचे ज्वरचिकित्सेतील स्थान मी रोज अनुभवतो. पण रक्तवाहिन्या पाझरत असलेल्या बालकास त्यांवर विसंबून दोन दिवस घरी ठेवणे हे शास्त्रास धरून नाही. आत्ययिक अवस्था ओळखणे हेही चिकित्साचतुष्पादातील भिषक् या पादाचे गुण दाखविण्याचेच स्थान आहे. रोगोत्तर अग्निमांद्य व दौर्बल्य यांत आपल्या औषधांस भरपूर वाव आहे.

औषधालयचालकांना एक विनंती. ज्वराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोवरासाठी काढा वा पुरळासाठी मलम मागावयास येणारा बाप वैद्याकडे गेलेलाच असतो असे नाही. अनेकदा तुमचा फलाट हाच त्याचा पहिला थांबा. मुलाचे तळहात पाहिले काय, एवढे विचारा. पुरळ तेथे असेल, तर काढा न देता त्यास डॉक्टरकडे धाडा. डॉक्सिसायक्लीन चिठ्ठीशिवाय देऊ नका. मात्रा वजनावर ठरते.

नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांत २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, हे वाचकांस स्मरत असेल. तो याच कुळातील रोग, पण त्याची वाहक गोचीड नसून गवतझुडपांतील ‘चिगर’ ही अतिसूक्ष्म अळी. दंशस्थानी काळी खपली दिसते, आणि ती काखेत, जांघेत, स्तनाखाली दडलेली असते. कपडे उतरवून पाहिल्याखेरीज सापडत नाही. उपचार तोच. याउलट सिंधुदुर्गात आढळणारा क्यासनूर ज्वर गोचिडीमुळेच येतो, पण तो विषाणूजन्य आहे, त्यावर डॉक्सिसायक्लीन निरुपयोगी.

गोचीड अंगास चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, नंतर जागा साबणाने धुवावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे हे प्रकार बंद करावयास सांगावे. जनावरांवरील गोचिडींसाठी पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे, आणि केवळ जनावरास लावून न थांबता गोठ्याच्या भिंतींच्या भेगाही साफ कराव्यात. मादी तेथेच अंडी घालते. कुत्र्याचा बिछाना मुलांच्या बिछान्यापासून दूर हलविण्यास तर पैसाही लागत नाही.